जुने तीन डबे, एक इन्व्हर्टर: घरच्या व्हर्च्युअल लॅबच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

व्हर्च्युअल लॅब म्हणजे एका खऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने अनेक संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवून सर्व्हर आणि नेटवर्क शिकायची जागा. आधी हातात काय आहे ते. डेल ऑप्टिप्लेक्स ७०२०, स्मॉल फॉर्म फॅक्टर, दोन नग. प्रत्येकात आय५-४५९० (चार कोर), ८ जीबी रॅम (४-४ च्या दोन पट्ट्या). एकात डिस्क नाही, दुसऱ्यात ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क. ५,५०० रुपयांना एक. तिसरा असेंबल केलेला, घरातच पडून होता: एच६१ बोर्ड, आय३-३२२०, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. पुढे यांना डबा १, डबा २, डबा ३ म्हटलं आहे.

जागा सांगलीच्या गावभागातलं घर, वरच्या मजल्यावरची खोली. तळमजल्यावर जागा मोठी आणि थंड आहे, पण २०१९ चा महापूर पाहिल्यावर इथे कोणी जमिनीवर सर्व्हर ठेवत नाही.

जुना डेस्कटॉप घ्यायला गेलं की सगळे प्रोसेसरची पिढी विचारतात. त्याआधी रॅमचे खाचे मोजा. डीडीआर३ च्या साध्या पट्टीची कमाल ८ जीबी. ७०२० ला चार खाचे आहेत, म्हणजे ३२ जीबीपर्यंत जाता येतं. दिसायला तसाच, हजारभर रुपयांनी स्वस्त मिळणारा ३०२० दोन खाच्यांचा, १६ जीबीवर थांबतो. लॅबमध्ये आधी रॅम संपते. प्रोसेसर दिवसभर पाच-सात टक्क्यांवर बसून असतो.

दुसरी तपासणी दुकानातच करायची. चालू करताना एफ२ दाबून बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जा, ‘व्हर्च्युअलायझेशन सपोर्ट’ उघडून दोन्ही पर्याय दिसतात का बघा. बायोसला पासवर्ड असेल तर तिथेच काढून मागा. ऑफिसातून आलेल्या मशीनना तो बऱ्याचदा असतो आणि विकणाऱ्याला माहीतही नसतो. पॉवर सप्लायचाही विचार आत्ताच करा. ७०२० च्या बोर्डाला डेलचा ८ पिनचा जोड लागतो, बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही. बसवायचाच तर वेगळी केबल लागते, शिवाय या डब्यात त्याला जागा नाही.

१५ जून, रविवार

साफसफाई. डबा २ मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून आलेला. पंख्याचं झाकण काढलं तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये हळद घट्ट बसलेली. धूळ फुंकरीने जाते, हळद जात नाही. दमट हवेत तिचा लगदा होतो. ब्लोअर मारण्याआधी मऊ ब्रशने सुटी केली, मग गॅलरीत नेऊन ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भरधाव फिरून बेअरिंग जातं. फरशी संध्याकाळपर्यंत पिवळी.

दोन्ही डेलची थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती. जुनी आयसोप्रोपिलने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. चारही कोर पूर्ण भाराखाली डबा २ आधी ९४ अंशांवर जात होता, आता ६९. पेस्टची नळी १८० रुपये.

सीआर२०३२ सेल (बोर्डावरचे, बायोसची सेटिंग आणि वेळ सांभाळणारे) डबा १ आणि २ मध्ये नवे टाकले. तिन्हींसाठी तीन आणले होते, १२० रुपयांचे. डबा ३ ‘घरचाच आहे, वेळ बरोबर दाखवतोय’ म्हणून सोडला आणि तिसरा सेल ड्रॉवरमध्ये गेला. ही चूक १२ जुलैला भोवली.

डबा २ मधल्या हार्ड डिस्कचं स्मार्ट (डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद) वाचलं. रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) सेक्टर शून्य, पण करंट पेंडिंग ८. पेंडिंग म्हणजे डिस्कला जे सेक्टर वाचता येत नाहीत आणि ज्यांचं काय करायचं ते तिने अजून ठरवलेलं नाही. डिस्क बाजूला काढली.

१७ जून, मंगळवार

रॅममध्ये पैसे गेले. ऑनलाइन ८ जीबी डीडीआर३ च्या पट्ट्या ५५० रुपयांना दिसल्या, दोन मागवल्या. डेलमध्ये घातल्या की मशीन चालूच होत नाही, पॉवरचं बटण पिवळं लुकलुकतं. पट्टीच्या वर्णनात अगदी खाली बारीक अक्षरांत ‘फक्त एएमडी’ लिहिलेलं. या पट्ट्यांवरच्या चिपची मांडणी वेगळी असते आणि ती इंटेलच्या मेमरी कंट्रोलरला चालत नाही. परत घेणार नाहीत. १,१०० रुपये पाण्यात.

दुसरा सापळा १६ जीबीच्या स्वस्त पट्टीचा. ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम असते आणि या बोर्डात चालणार नाही. साधी, अनबफर्ड, प्रत्येक बाजूला आठ चिप असलेली पट्टी बघून घ्या. शेवटी मिरजेतून वापरलेल्या चार पट्ट्या घेतल्या, ८०० ला एक. प्रत्येक डेलमध्ये दोन. ८+८+४+४ असे २४ जीबी झाले. एका रंगाच्या खाच्यांत ८-८ ची जोडी, दुसऱ्या रंगाच्या खाच्यांत ४-४ ची.

मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर लावला. डबा १ मध्ये पहिल्या दहा मिनिटांतच एरर. पट्टी काढून सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला, आयसोप्रोपिलने पुसून परत घातली. त्यानंतर तीन फेऱ्या स्वच्छ. पट्टी खराब ठरवण्याआधी हे करून बघावंच, पण मेमटेस्ट टाळून पुढे जाऊ नका. रॅममधला बारीक दोष नंतर फाइल बिघडवतो आणि दोष डिस्कला लावला जातो.

२१ जून, शनिवार

बायोस आधी. डेलमध्ये ‘साटा ऑपरेशन’ हा पर्याय ‘रेड ऑन’वर असतो, तो ‘एएचसीआय’ केला. व्हर्च्युअलायझेशनचे दोन्ही पर्याय चालू. ‘एसी रिकव्हरी’ (वीज परत आल्यावर काय करायचं) पॉवर ऑनवर. ‘डीप स्लीप’ बंद, नाहीतर नेटवर्कवरून मशीन उठवता येत नाही.

प्रॉक्समॉक्स व्हीई ८.४ (व्हर्च्युअल मशीन चालवणारी, लिनक्सवर उभी प्रणाली). इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह रुफस या प्रोग्रॅमने बनवला, पहिल्यांदा आयएसओ मोडमध्ये, आणि बूटच होईना. डीडी मोड निवडून परत लिहिला, चालला. अर्धा तास गेला.

इन्स्टॉलर मशीनचं नाव विचारतो ते नीट ठरवून द्या. व्हर्च्युअल मशीन तयार झाल्यावर नाव बदलणं म्हणजे डोकेदुखी, कारण त्यांच्या सेटिंगच्या फाइली याच नावाच्या फोल्डरमध्ये असतात.

प्रत्येकात ५१२ जीबी साटा एसएसडी, २,६०० ला एक. फाइल सिस्टिम झेडएफएस निवडली, स्नॅपशॉटसाठी (मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवायला). (२५ जूनची नोंद बघा.)

डबा १ मध्ये डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी घरातली जुनी २४० जीबी एसएसडी बसवली, आयएसओ फाइली (इन्स्टॉलच्या सीडीच्या प्रती) ठेवायला. त्या ड्राइव्हचा पॉवरचा जोड सहा पिनांचा असतो आणि त्यात फक्त ५ व्होल्ट येतात. २५० रुपयांच्या अडॅप्टरने अडीच इंची एसएसडी चालते. साडेतीन इंची हार्ड डिस्क चालणार नाही, तिला १२ व्होल्टही लागतात.

२२ जून, रविवार

ब्राउझरमध्ये पत्ता टाकताना एचटीटीपीएस आणि शेवटी ८००६ दोन्ही हवेत. एचटीटीपी टाकलं तर पान उघडत नाही आणि माणूस नेटवर्क तपासत बसतो.

अपडेटला ४०१ चा एरर येतो. सशुल्क रिपॉझिटरी (अपडेट जिथून येतात तो साठा) आधीपासून चालू असते म्हणून. ती बंद करायची, तिच्याच शेजारची ‘सेफ’ या साठवणीच्या प्रणालीची सशुल्क रिपॉझिटरीही बंद करायची (ही लोक विसरतात), आणि ‘नो-सबस्क्रिप्शन’ जोडायची. सगळं वेबच्या पानावरूनच होतं.

दुपारी डबा १ मधूनच गायब, मधूनच हजर. त्याला १९२.१६८.१.२० दिला होता आणि इंटरनेटच्या राउटरने तोच पत्ता एका मोबाइललाही दिला होता. राउटरचा डीएचसीपी (पत्ते वाटणारी सेवा) २ पासून २५४ पर्यंत सगळं वाटत होता. तो १०० ते २०० वर आणला, १०० च्या खालचे पत्ते लॅबला. हे इन्स्टॉलच्या आधी करायचं काम.

लोखंडी डब्याला हात लावला की झिणझिण्या. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये ३८ व्होल्ट. ते दोन-तीनच्या आत हवं. बोर्डातली अर्थिंगची वायर स्क्रूखालून सुटली होती. वायरमनने दहा मिनिटांत बसवली. जुन्या घरात तीन पिनांचा सॉकेट दिसला म्हणजे अर्थिंग आहे असं धरू नका.

२५ जून, बुधवार

तीन व्हर्च्युअल मशीन चालू असताना चौथं क्लोन करायला घेतलं आणि सगळंच गोठलं. समरीच्या पानावर आयओ डिले ४८ टक्के. प्रोसेसर रिकामा, रॅम रिकामी, डिस्कपाशी रांग.

कारण एसएसडी. या भावातल्या एसएसडीला स्वतःची डीरॅम नसते आणि वीज गेल्यावर डेटा सांभाळणारे कॅपॅसिटरही नसतात. सुरुवातीचे काही जीबी ती जोरात लिहिते. जलद लिहायचा भाग भरला की ४५० एमबीवरून ५० एमबीवर येते. त्यात झेडएफएसला प्रत्येक महत्त्वाचं लिखाण खरोखर डिस्कवर उतरल्याची हमी हवी असते. प्रॉक्समॉक्सच्या परफ तपासणीत सेकंदाला १४० एफसिंक (अशा हमीची लिखाणं) आले.

दोन्ही मशीन पुसून एक्स्ट४ (साधी फाइल सिस्टिम) आणि एलव्हीएम-थिनवर (लागेल तशी जागा देणारा साठा) परत इन्स्टॉल. त्याच डिस्कवर तोच आकडा ६१०. क्लोन करताना आयओ डिले आता १२-१५ टक्के, बाकीची मशीन चालत राहतात. स्नॅपशॉट एलव्हीएम-थिनमध्येही मिळतात. झेडएफएस वाईट नाही, या डिस्कना ते झेपत नाही. एक संध्याकाळ गेली.

एलव्हीएम-थिनची एक खोड. कागदावर जागा वाटाल तेवढी वाटता येते, पण खरा पूल भरला की आतल्या सगळ्या मशीनना एकदम लिहिता येईनासं होतं. प्रत्येक व्हर्च्युअल डिस्कला ‘डिस्कार्ड’वर टिक करा, म्हणजे आत पुसलेली जागा पुलाला परत मिळते. पूल ८० टक्क्यांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही.

२८ जून, शनिवार

विंडोज सर्व्हर २०२२ ची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. व्हर्टआयओची (व्हर्च्युअल मशीनसाठीच्या ड्रायव्हरची) आयएसओ दुसऱ्या सीडी ड्राइव्हला लावून ‘लोड ड्रायव्हर’मधून व्हीआयओएससीएसआय फोल्डर निवडला, डिस्क दिसली. नेटवर्कचा ड्रायव्हर त्याच आयएसओतला. क्वेमू गेस्ट एजंटही (बाहेरच्या आज्ञा आत पोचवणारा छोटा प्रोग्रॅम) लगेच टाकून घ्या. तो नसताना बाहेरून दिलेलं शटडाउन विंडोजने ऐकलं नाही, १८० सेकंद वाट बघून काम फसलं. लाईट गेल्यावर हे तीन मिनिटं महाग पडतं.

रॉकी लिनक्स १० बूट होताच थांबलं: प्रोसेसर एक्स८६-६४-व्ही३ (प्रोसेसरच्या आज्ञासंचाची पातळी, तिला एव्हीएक्स२ लागतं) चा नाही अशी तक्रार. प्रॉक्समॉक्स आपणहून जो प्रोसेसर प्रकार देतो तो व्ही२ चा असतो. प्रकार ‘होस्ट’ केला की चालतं, कारण आय५-४५९० मध्ये एव्हीएक्स२ आहे. डबा ३ च्या आय३-३२२० मध्ये ते नाही, तिथे काहीही करून चालणार नाही. आज जुनं मशीन घ्यायचंच तर चौथ्या पिढीच्या खाली जाऊ नये याचं खरं कारण हे.

२९ जून, रविवार

घरातलं इंटरनेट बंद, टीव्हीपासून मोबाइलपर्यंत. विंडोज सर्व्हरवर डीएचसीपी शिकायला लावला होता आणि त्याचं नेटवर्क कार्ड व्हीएमबीआर० या मुख्य ब्रिजवर (सॉफ्टवेअरमधल्या स्विचवर). लॅबचा सर्व्हर घरच्या राउटरच्या आधी उत्तर देत होता आणि सगळ्यांना नसलेल्या गेटवेचा पत्ता देत होता.

व्हीएमबीआर१ नावाचा दुसरा ब्रिज केला. त्याला एकही खरं पोर्ट जोडलेलं नाही. लॅबची सगळी मशीन त्यावर. बाहेर जायला ओपीएनसेन्सचं (राउटर-फायरवॉलचं) एक व्हर्च्युअल मशीन, एक पाय व्हीएमबीआर० वर, एक व्हीएमबीआर१ वर. पहिलं व्हर्च्युअल मशीन बनवण्याआधी हा ब्रिज बनवा. मोबाइल ठीक करायला प्रत्येकाचं वायफाय एकदा बंद-चालू करावं लागलं.

२ जुलै, बुधवार

डबा १ आणि २ चा क्लस्टर (दोन्ही एकत्र बांधलेले). जोडल्या जाणाऱ्या मशीनवर एकही व्हर्च्युअल मशीन असून चालत नाही, म्हणून डबा २ रिकामा करून जोडला. एका पानावर दोन्ही दिसतात, चालू मशीन इकडून तिकडे जातं. दिसायला छान.

५ जुलै, शनिवार

क्लस्टर मोडला. रात्री वीज वाचवायला डबा २ बंद केला, सकाळी डबा १ वर काहीच चालू होईना. ‘कोरम नाही.’ दोघांच्या क्लस्टरमध्ये एक गेला की उरलेल्याचं बहुमत होत नाही. चालू असलेली मशीन चालत राहतात, पण नवं सुरू होत नाही आणि सेटिंगही बदलता येत नाही. अपेक्षित मतं १ करायची आज्ञा आहे, अडल्या वेळी ती चालते. रोज द्यावी लागत असेल तर मांडणीच चुकलेली आहे.

नीट उपाय क्यूडिव्हाइसचा: तिसऱ्या एखाद्या छोट्या मशीनने फक्त मत द्यायचं. पण ते मशीन कायम चालू हवं, आणि डबा ३ कायम चालू ठेवायचा नाही. दोन्ही डेल वेगवेगळे ठेवले, परत इन्स्टॉल केले. इन्स्टॉलला प्रत्येकी २५ मिनिटं, बॅकअपमधून मशीन आणायला दुपार. क्लस्टर शिकायचा असेल तर एकाच डब्यात तीन व्हर्च्युअल प्रॉक्समॉक्स उभे करून शिका, हवे तितके मोडा.

६ जुलै, रविवार

डबा ३ वर प्रॉक्समॉक्स आणि त्याच्यावरच बॅकअप सर्व्हरचं पॅकेज. १ टीबी हार्ड डिस्क एक्स्ट४ करून डेटास्टोअर (बॅकअपचा साठा). सोबत चाचणीला एक लहान डेबियन व्हर्च्युअल मशीन.

पहिला बॅकअप: सुमारे ५२ जीबी गेला, १ तास २० मिनिटं लागली. सेकंदाला ११ एमबी हा आकडा दिसला की दुसरं काही तपासू नका, कुठेतरी १०० एमबीपीएसचा दुवा आहे. इथे तो बोर्डावरच होता. स्वस्त एच६१ बोर्डांवर असं बरंच असतं. स्विच गिगाबिट (१,०५० रुपये), केबल नव्या (चार, २८० रुपये), आणि बोर्ड जुना.

९ जुलै, बुधवार

पीसीआय एक्सप्रेसचं गिगाबिट कार्ड, ४५० रुपये. बसवलं आणि डबा ३ नेटवर्कवरून नाहीसा.

कार्ड घातल्याने स्लॉटची मोजणी सरकली आणि बोर्डावरच्या पोर्टचं नाव बदललं. ब्रिजच्या सेटिंगमध्ये जुनंच नाव. मॉनिटर आणि कीबोर्ड वर आणून नाव दुरुस्त केलं. मग मॅक पत्त्याला (कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाला) नाव बांधणारी लिंक फाइल सिस्टिमडीमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या भागात) टाकली, म्हणजे पुढे कुठलंही कार्ड घातलं-काढलं तरी नाव तेच राहील. कार्ड घालण्याआधी ही फाइल टाकली असती तर मॉनिटर वर न्यावा लागला नसता.

तोच बॅकअप आता १४ मिनिटांत.

१० जुलै, गुरुवार

वेग वाढला तसा दुसरा दोष वर आला. रात्रीच्या बॅकअपमध्ये डबा १ चं नेटवर्क मध्येच तुटलं, मिनिटभराने आलं, परत तुटलं. लॉगमध्ये ई१०००ई ड्रायव्हरचा ‘हार्डवेअर युनिट हँग’, ओळीवर ओळी. डेलवरच्या इंटेल आय२१७ पोर्टचं हे जुनं दुखणं आहे. १०० एमबीपीएसवर भार एवढा नव्हता म्हणून लपून राहिलं.

ईथटूलने (नेटवर्क कार्डाची सेटिंग बदलणारी आज्ञा) टीएसओ आणि जीएसओ, म्हणजे मोठी पॅकेट तोडायचं काम पुढे ढकलणाऱ्या सोयी, बंद केले की थांबतं. ही आज्ञा रीबूटनंतर उरत नाही, म्हणून इंटरफेसेस फाइलमध्ये त्या पोर्टखाली ‘पोस्ट-अप’ ओळीत लिहिली. प्रोसेसरवर थोडं काम वाढतं, चार कोरांना ते जाणवतही नाही. डबा २ ला तोच रोग असणार म्हणून तिथेही आत्ताच करून टाकलं.

१२ जुलै, शनिवार

लाईट गेली, चारच्या सुमारास. तिन्ही डबे इन्व्हर्टरच्या लाइनवर होते, तरी तिन्ही रीस्टार्ट झाले. इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘नॉर्मल’वर होतं. पंखे-दिव्यांना ते चालतं, पण बदल व्हायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ संगणकाचा पॉवर सप्लाय तग धरत नाही. बटण ‘यूपीएस’वर नेलं. मेन स्विच पाडून चार वेळा तपासलं: डेल दोन्ही टिकले, डबा ३ चारपैकी दोनदा पडला. त्याचा एसएमपीएस म्हातारा आहे. तो रात्री दोन-अडीच तासच चालणार असल्याने बदलला नाही.

मात्र डबा ३ नंतर उठलाच नाही. मॉनिटर लावला: ‘कीबोर्ड एरर, एफ१ दाबा’. कीबोर्ड लावून पुढे गेलो तर आतलं डेबियन मशीन सुरू होईना. प्रॉक्समॉक्स म्हणतो केव्हीएम (लिनक्समधला व्हर्च्युअलायझेशनचा भाग) उपलब्ध नाही, बायोसमध्ये चालू करा. पण चालू तर केलं होतं. सेल मेलेला. वीज तुटली तेवढ्यात बायोस मूळपदावर गेलं, तारीख २०१२ ची, व्हर्च्युअलायझेशन बंद, ‘हॉल्ट ऑन’ (कुठल्या एररवर थांबायचं) सगळ्या एररवर. लाईट असेपर्यंत सेल मेल्याचं कळत नाही, कारण तोवर बोर्डाला एसएमपीएसकडून वीज मिळत असते.

ड्रॉवरमधला तिसरा सेल घातला. ‘हॉल्ट ऑन’ नो एररवर, लाईट आल्यावर चालू होण्याचा पर्याय ऑनवर, व्हर्च्युअलायझेशन चालू. मग प्लग काढून दहा मिनिटं ठेवला, लावला, सेटिंग टिकली. ४० रुपयांच्या सेलने शनिवारची संध्याकाळ खाल्ली.

१९ जुलै, शनिवार

वीज मोजली, प्लगमध्ये लावायच्या मीटरने (९०० रुपये). व्हर्च्युअल मशीन चालू पण काम नसताना डबा १ आणि २ प्रत्येकी २९ वॉट, डबा ३ एकटा ४१. दोन डेल महिनाभर: ५८ वॉट गुणिले ७२० तास, जवळपास ४२ युनिट. तिसराही कायम ठेवला तर ७१. आपल्या बिलातल्या स्लॅबच्या दराने गुणून बघा. स्लॅब ओलांडला जात असेल तर हे वरचे युनिट महागाचे असतात.

म्हणून डबा ३ ला बायोसमधल्या आरटीसी (बोर्डावरच्या घड्याळाच्या) अलार्मने रात्री १:३० ला उठवायचं, २ ला बॅकअप, ४ ला आपोआप बंद. पहिल्या रात्री बॅकअप फसला आणि डबा ३ सकाळी ७ ला उठला. लिनक्स बोर्डावरचं घड्याळ यूटीसीमध्ये (जागतिक वेळेत) ठेवतं, बायोसला ते ठाऊक नाही. आपली रात्रीची १:३० म्हणजे यूटीसीची संध्याकाळची ८. अलार्म २०:०० ला लावला.

२० जुलै, रविवार

लाईट बराच वेळ गेली तर मशीन शिस्तीत बंद व्हायला हवीत. घरच्या इन्व्हर्टरला यूएसबी नाही, तो संगणकाला काही सांगत नाही. मग साधी युक्ती: जुना वायफाय राउटर इन्व्हर्टरवर नसलेल्या सॉकेटला लावला आणि स्विचला जोडला. तो पिंगला (‘आहेस का’ विचारणाऱ्या छोट्या संदेशाला) उत्तर देतो म्हणजे लाईट आहे. दोन्ही डेलवर दर मिनिटाला पिंग, लागोपाठ २० चुकल्या की आधी व्हर्च्युअल मशीन, मग डबा बंद. पहिल्या आवृत्तीत तीन चुकल्या की बंद असं लिहिलं होतं आणि केबल हलल्यावर सगळी लॅब झोपली. स्विच मात्र इन्व्हर्टरवरच हवा, नाहीतर पिंगला अर्थ नाही.

बंद करणं जमलं, उठवणं राहिलं. ‘एसी रिकव्हरी’ ऑन आहे, तरी लाईट आल्यावर डबे उठेनात. इन्व्हर्टरमुळे डब्यांची वीज कधी गेलीच नव्हती, त्यामुळे ‘परत आली’ असंही त्यांना कधी दिसलं नाही. विचार केल्यावर साधं वाटतं, पण यावर दीड तास गेला.

उपाय त्याच जुन्या राउटरमध्ये होता. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) आहे. लाईट आली की तोच बूट होतो. सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये पाच मिनिटं थांबून ईथरवेकने दोन्ही डेलना वेक-ऑन-लॅनचं (नेटवर्कवरून मशीन उठवणारं) पॅकेट पाठवायची ओळ टाकली. पाच मिनिटं यासाठी, की आपल्याकडे लाईट आली की दोनदा डोळे मिचकावून मगच टिकते. डेलमध्ये वेक-ऑन-लॅन चालू, डीप स्लीप बंद (ते २१ जूनलाच झालं होतं), आणि लिनक्सकडूनही ईथटूलने ‘मॅजिक पॅकेट’ चालू करून तीही ओळ इंटरफेसेस फाइलमध्ये. मेन पाडून पाऊण तासाची पूर्ण तालीम केली. दोन्ही झोपले, दोन्ही उठले.

२६ जुलै, शनिवार

बॅकअप परत आणून बघितला. विंडोज सर्व्हर, ३८ जीबी, डबा २ वर वेगळ्या क्रमांकाने: ११ मिनिटं, लॉगिनपर्यंत नीट. सुरू करण्याआधी त्याचं नेटवर्क कार्ड तोडलं, नाहीतर एकाच नावाचे आणि पत्त्याचे दोन सर्व्हर एका ब्रिजवर आले असते.

डेटास्टोअर ७८ टक्के भरला म्हणून जुने बॅकअप छाटले, जागा तितकीच. गार्बेज कलेक्शन (नको असलेले तुकडे पुसायचं काम) चालवलं, तरी फरक नाही. २४ तास ५ मिनिटांत वापरात आलेला तुकडा ते पुसत नाही. दुसऱ्या दिवशी परत चालवा, मग जागा सुटते. डिस्क शंभर टक्के भरेपर्यंत थांबलात तर गार्बेज कलेक्शनलाही जागा उरत नाही.

एकूण खर्च २३,८५०: दोन डेल ११,०००, रॅम ३,२००, वाया गेलेली रॅम १,१००, एसएसडी ५,२००, स्विच १,०५०, मीटर ९००, कार्ड ४५०, पॅच केबल २८०, अडॅप्टर २५०, पेस्ट १८०, सेल १२०, साटा केबल दोन १२०. वेळ सहा आठवड्यांच्या सुट्ट्यांचा, त्यातला निम्मा परत परत इन्स्टॉल करण्यात.

साटा केबलचं सांगायचं राहिलं. डबा १ च्या एसएसडीच्या स्मार्टमध्ये १९९ क्रमांकाचा सीआरसी एरर (डेटा वाटेत बिघडल्याची मोजणी) दर आठवड्याला वाढत होता. तो डिस्कचा नसतो, केबलचा असतो. केबल १९ तारखेला बदलली. आकडा २१४ वर आहे, तो कधी कमी होत नाही. आठवडाभर वाढलेला नाही. दुसरी केबल डबा २ साठी आणून ठेवली आहे, तिथे आकडा आज ३ आहे.